लंडनमध्ये पहिलं वर्षभर गाडी घेऊ नका

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. हॅरोमधली एक गल्ली, चंदेरी रंगाची डिझेल गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, पुढच्या चाकांखाली लिंबं आणि शेजारी माझ्या मावसबहिणीचा मुलगा. खाली मजकूर : "मामा, चौदाशे पौंडांत मिळाली! उद्या पेढे घेऊन येतो." लंडनला येऊन त्याला पाच आठवडे झाले होते.

मी फोटो मोठा करून आधी नंबर प्लेट पाहिली. इथल्या प्लेटवर दोन अक्षरं, मग दोन आकडे, मग तीन अक्षरं असतात. मधल्या दोन आकड्यांवरून गाडीचा जन्म कळतो. याच्या गाडीवर '१२' होतं, म्हणजे २०१२ च्या मार्च ते ऑगस्टमधली. तीही डिझेल. मी उत्तर पाठवलं, "पेढे आण, पण बसने ये." त्याला वाटलं मामा खवचटपणा करतोय.

मग फोन करून सगळं समजावून सांगितलं. त्यानंतर असंच आणखी तिघांना सांगावं लागलं, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो. मी एकोणीस वर्षं इथे आहे, मूळ डोंबिवलीचा.

लंडनच्या रस्त्यांवर जागोजागी एक हिरवी पाटी दिसते : यूलेझ, म्हणजे अल्ट्रा लो एमिशन झोन. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्याच्या सगळ्या ३२ बरो (शहराचे विभाग, प्रत्येकाची आपली काउन्सिल म्हणजे नगरपालिका) आणि मधलं सिटी ऑफ लंडन या झोनमध्ये आहेत. जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाडीने झोनमध्ये फिरलं की दिवसाला साडेबारा पौंड. नाताळचा एक दिवस सोडला तर चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस. पेट्रोल गाडी साधारण २००६ नंतरची असेल तर सुटते. डिझेल साधारण सप्टेंबर २०१५ नंतरची लागते. आमच्या या भाचे-चिरंजीवांचं ऑफिस हिलिंग्डनमध्ये. महिन्याचे बावीस दिवस धरले तर २७५ पौंड, पेट्रोलपंपावर जायच्या आधीच.

पुण्यात चौकातल्या मामांशी निदान बोलता तरी येतं. इथे नाका नाही, शिट्टी नाही, पावती फाडायला कुणी पुढे येत नाही. खांबावरचा कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे भरायची आठवण आपली आपण ठेवायची. प्रवासानंतर तिसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत भरले नाहीत तर १८० पौंडांची नोटीस घरी येते. १४ दिवसांत भरली तर ९०. गाडी दारात नुसती उभी असेल तर काही नाही, पण पुढच्या गल्लीत हलवली तरी तो दिवस मोजला जातो. आणि 'दिवस' म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. वेंबलीला कुणाकडे जेवायला गेलात, गप्पा रंगल्या, रात्री साडेबाराला निघालात : पंचवीस पौंड.

चौदाशे पौंडांत डिझेल गाडी का मिळते, याचं उत्तर इथे आहे. कोणतीही जुनी गाडी बघायला जाण्याआधी तिचा नंबर 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन'च्या वेबसाइटवर टाका, अर्ध्या मिनिटात कळतं. ट्रान्सपोर्ट फॉर लंडन म्हणजे टीएफएल. बस, ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे, मुख्य रस्ते, हे सगळे कर, सगळं त्यांच्याकडे. हे नाव तुम्हाला रोज लागणार आहे.

नवीन आलेले लोक विचारतात, हे सगळं कशासाठी, सरकारला पैसे कमी पडतात का? थोडा इतिहास सांगतो, कारण तो कळला की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. १९८१ साली इथल्या ग्रेटर लंडन काउन्सिलने केन लिव्हिंगस्टन यांच्या पुढाकाराने बस-ट्यूबची भाडी जवळपास एक तृतीयांशाने कमी केली आणि त्याचा भार करावर टाकला. शहराच्या कडेला असलेली ब्रॉम्ली बरो कोर्टात गेली : आमच्याकडे ट्यूबच येत नाही, आम्ही पैसे का द्यायचे? शेवटच्या कोर्टात ब्रॉम्ली जिंकली आणि भाडी पुन्हा चढली. पुढे हेच लिव्हिंगस्टन महापौर झाले आणि १७ फेब्रुवारी २००३ ला त्यांनी मध्य लंडनमध्ये येणाऱ्या गाड्यांवर पाच पौंडांचा कंजेशन चार्ज, म्हणजे गर्दीचा कर, बसवला. यूलेझ त्यानंतरचं. २०१९ मध्ये फक्त मध्य लंडन, २०२१ मध्ये नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर या रिंगरोडच्या आतला भाग आणि २०२३ मध्ये महापौर सादिक खान यांनी सगळं शहर. त्या शेवटच्या टप्प्याविरुद्ध पाच काउन्सिलं कोर्टात गेली, त्यांत पुन्हा ब्रॉम्ली होती आणि आपलं हॅरो आणि हिलिंग्डनही. या वेळी ती हरली. त्याच जुलैमध्ये हिलिंग्डनमधल्या अक्सब्रिजची पोटनिवडणूक याच एका विषयावर गाजली आणि कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ती ४९५ मतांनी जिंकली. तेव्हा हॅरो-हिलिंग्डनमध्ये गाडीवाल्यांच्या घोळक्यात यूलेझचं कौतुक करताना जरा जपून.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी पहिल्यांदा चिडलो होतो, माझीही गाडी जुनी होती. पण साउथ सर्क्युलरच्या जवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली आणि २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं, हे वाचल्यावर साडेबारा पौंडांवर वाद घालायचा माझा उत्साह संपला. माझ्या मुलीलाही दम्याचा पंप लागतो.

सांगायचा मुद्दा असा की हे शहर गाडीला बंदी घालत नाही. भाव वाढवत नेतं. कंजेशन चार्ज पाचाचा आठ, दहा, साडेअकरा, पंधरा झाला, आणि २ जानेवारी २०२६ पासून १८ पौंड आहे. इलेक्ट्रिक गाडीला तो पूर्वी पूर्ण माफ होता, आता नुसती सवलत. पूर्वेकडे टेम्सखाली सिल्व्हरटाउनचा नवा बोगदा एप्रिल २०२५ मध्ये उघडला. त्याला टोल लावला आणि शेजारच्या ब्लॅकवॉल बोगद्यालाही, जो इतकी वर्षं फुकट होता. म्हणून गाडीचा हिशोब करताना आजचा दर धरू नका. पाच वर्षांनी तो कुठे असेल याचा अंदाज धरा, आणि दिशा एकच आहे.

आता ज्याने सर्वांत जास्त लोक फसतात ते. स्टेशनजवळची नवीकोरी बिल्डिंग, काचेची बाल्कनी, खाली जिम. एजंट सगळं दाखवतो, पार्किंगबद्दल विचारलं की "रस्त्यावर असतं" म्हणतो. रस्त्यावर असतं हे खरं आहे, पण त्यासाठी काउन्सिलचं रहिवासी परमिट लागतं, आणि अशा बऱ्याच नव्या बिल्डिंगी 'कार-फ्री' अटीवर मंजूर झालेल्या असतात. तिथल्या भाडेकरूला परमिटसाठी अर्जच करता येत नाही. शेजारच्या जुन्या घरातल्या माणसाला मिळतं, तुम्हाला नाही. २०२१ च्या लंडन प्लॅनमध्येच, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, लिहिलंय की बस-ट्यूबची चांगली सोय असलेल्या जागी नवं बांधकाम कार-फ्री धरूनच सुरुवात करायची. करारनाम्यात 'परमिट' हा शब्द शोधा आणि नाही सापडला तर पोस्टकोड सांगून काउन्सिलला विचारा, एजंटला नको.

लायसन्सचंही ऐकून ठेवा. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. ते बदलून इथलं मिळत नाही. प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स काढा, थिअरी द्या, मग गाडी चालवून दाखवा. ड्रायव्हिंग टेस्टची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा गाडी घ्यायची असो वा नसो, प्रोव्हिजनलचा अर्ज आल्या आल्या करून टाका. ओळखपत्र म्हणूनही ते उपयोगी पडतं.

आणि भाड्याची गाडी घेऊन कुठे निघालात तर एक खूण लक्षात असू द्या : लाल वर्तुळात खाली मोटार आणि तिच्या डोक्यावर मोटरसायकल, जणू उडी मारून पार जातेय. सर्कशीतली गंमत वाटते. तिचा अर्थ, इथून पुढे कोणतंही मोटार वाहन नाही. २०२० च्या उन्हाळ्यापासून कित्येक वस्त्यांतल्या आतल्या गल्ल्या अशा बंद केल्यात, फक्त पायी आणि सायकलने जाता येतं. शाळांसमोरचे रस्तेही भरण्या-सुटण्याच्या वेळी असेच बंद असतात. मी एकदा नॅव्हिगेशनच्या बाईवर विश्वास ठेवून वळलो. आठवड्याभरात पत्र आलं, आत माझ्या गाडीचा मागून काढलेला सुंदर फोटो. असा दंड १६० पौंडांपर्यंत जातो, लवकर भरला तर निम्मा. वेंबलीला स्टेडियममध्ये मॅच किंवा कार्यक्रम असेल त्या दिवशी आसपासच्या रस्त्यांवर पार्किंगचे वेगळे नियम असतात. खांबावर 'इव्हेंट डे' लिहिलेलं असतं, उतरल्यावर ते वाचायचं.

बरं, मग फिरायचं कसं? इथे मी डोंबिवलीकर म्हणून जरा हक्काने बोलतो. आमच्याकडे जागा दाखवणारा आधी सांगायचा, "स्टेशनपासून सात मिनिटं." किती खोल्या ते नंतर. पुण्याच्या मुलांना किक मारून निघायची सवय, त्यांना हे पटायला वेळ लागतो. लंडनमध्ये घर शोधायचं ते असंच. पण ट्यूबच्या मागे सगळेच लागतात, आणि ट्यूबजवळ भाडं चढतं. तुम्ही बस बघा.

बसचं तिकीट २०२३ मध्ये पावणेदोन पौंड झालं. पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात हव्या तितक्या बस बदला, तेच पैसे. याला हॉपर म्हणतात. अंतर कितीही असो. 'सुपरलूप' नावाच्या जलद बस २०२३ पासून शहराच्या बाहेरच्या भागांना एकमेकांशी जोडतात, कमी थांबे घेतात आणि भाडं तेवढंच. त्यांतली एसएल९ हॅरोच्या बस स्टेशनवरून थेट हीथ्रोला जाते. आई नाशिकहून आली तेव्हा मी तिला टॅक्सीऐवजी या बसने घरी आणलं, दोन मोठ्या बॅगा आणि लोणच्याच्या बरणीसकट. पैसे किती झाले विचारून तिने मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि पहिल्यांदाच लंडनबद्दल बरं बोलली.

घर नक्की करण्याआधी एक करा. ज्या थांब्यावरून रोज जाणार तिथे एकदा सकाळी आठला आणि एकदा रात्री अकरानंतर जाऊन उभे राहा. सकाळी बस भरून येऊन न थांबता जाते का, आणि रात्री दहा मिनिटांनी येते की अर्ध्या तासाने, हे कुठल्याही जाहिरातीत नसतं. बसला हात दाखवायचा, पुढून चढायचं, कार्ड एकदाच लावायचं, उतरताना नाही. रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. आणि वरच्या मजल्यावरची पुढची सीट रिकामी असेल तर लाजू नका. मुंबईत बेस्टच्या डबलडेकरमध्ये तिच्यासाठी धावलेले लोक आपण.

ट्यूब आणि ट्रेनला मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टॅप. इथे माझाच मूर्खपणा सांगतो. एकदा मी फोन लावून आत शिरलो आणि फोनची बॅटरी संपली म्हणून खिशातलं कार्ड लावून बाहेर पडलो. बँक तीच, खातं तेच. पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी : एक आत गेला तो बाहेर आलाच नाही, दुसरा आत न जाताच बाहेर आला. दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लागलं. ज्याने आत, त्यानेच बाहेर, आणि घरातल्या प्रत्येकाचं कार्ड वेगळं. दिवसाला आणि सोमवार ते रविवार या आठवड्याला भाड्याची कमाल मर्यादा असते, तिच्यापुढचा प्रवास फुकट. पण तीही एकाच कार्डावर मोजली जाते. ऑफिसला आठवड्यातून दोन-तीनच दिवस जायचं असेल तर महिन्याचा पास काढू नका, ही मर्यादाच स्वस्त पडते. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात गर्दीचे तास, तेव्हा ट्यूबचं भाडं जास्त. बसला हा भेद नाही.

काही स्टेशनांवर प्लॅटफॉर्मच्या आसपास गुलाबी रंगाचं मशीन दिसेल, स्ट्रॅटफर्ड, हायबरी अँड इस्लिंग्टन, विल्सडन जंक्शन अशा ठिकाणी. गाडी बदलताना त्याला कार्ड लावलं की यंत्रणेला कळतं तुम्ही मध्य लंडनला वळसा घालून आलात, आणि भाडं कमी लागतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी दोन वर्षं हे मशीन बिघडलेलं समजून सोडून दिलं होतं.

स्लाउला (Slough) घर घेणाऱ्यांना वेगळी सूचना. तिथे आपली मंडळी पुष्कळ आहेत आणि भाडंही बरं आहे, पण ते लंडन नाही. यूलेझ नाही हा फायदा. लंडनची एलिझाबेथ लाइन ही रेल्वे येते, पण तिथे ऑयस्टर कार्ड (टीएफएलचं आधी पैसे भरून वापरायचं कार्ड) चालत नाही, बँकेचं कार्डच लागतं.

पोराबाळांचं थोडक्यात. अकरा वर्षांच्या आतल्या मुलांना बस फुकट, आणि सोबत मोठं माणूस असेल तर ट्यूबही. ११ ते १५ वयाला बस फुकट मिळते, पण त्यासाठी झिप ऑयस्टरचं फोटोकार्ड आधी काढावं लागतं. शाळा सुरू व्हायच्या महिनाभर आधी अर्ज करा. तुमचं वय २६ ते ३० असेल तर रेलकार्ड काढून स्टेशनवरच्या माणसाकडून ते ऑयस्टरला जोडून घ्या, कमी गर्दीच्या वेळी एक तृतीयांश सूट मिळते. इथे राहणाऱ्या साठीच्या पुढच्यांना मोफत प्रवासाचं कार्ड आहे, पण सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-बाबांना ते मिळत नाही. त्यांचे गुडघे दुखत असतील तर ट्यूबपेक्षा बस बरी. लिफ्टने थेट फलाटावर जाता येईल अशी ट्यूब स्टेशनं जवळपास एक तृतीयांशच आहेत, बसची पायरी मात्र सगळीकडे खाली असते.

सायकलबद्दल मी फार बोलणार नाही, डिसेंबरात मी ती चालवत नाही. टेम्सच्या काठाने गाड्यांपासून वेगळा काढलेला सायकल मार्ग आहे, त्यावरून एकदा तरी जा. नवी घ्यायची तर एचआरला 'सायकल टू वर्क' योजनेबद्दल विचारा, पगारातून कर कापण्याआधी हप्ते जातात. स्वतःची इलेक्ट्रिक स्कूटर, ती उभ्याने चालवायची, अजिबात घेऊ नका. दुकानात विकायला असते, पण रस्त्यावर चालवणं बेकायदा, आणि ट्यूब-बसमध्ये नेऊ देत नाहीत. मार्च २०२५ पासून टीएफएलच्या गाड्यांत घडी न होणारी इलेक्ट्रिक सायकलही चालत नाही.

एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगतच नाही. भारतीय नागरिक इथे रीतसर व्हिसावर राहत असेल तर कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून त्याला मतदानाचा हक्क आहे. इथला पासपोर्ट लागत नाही. काउन्सिललाही आणि महापौरालाही. तुमच्या गल्लीत गाड्या बंद करायच्या का, परमिट किती पौंडांचं, बस लेन कुठे, हे तीच माणसं ठरवतात. नोंदणी ऑनलाइन पाच मिनिटांत होते, आणि मतदार यादीत नाव असलं की बँकेत तुमची पत वाढायला मदत होते ती वेगळीच.

रविवारी डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात यायचं असेल, १९३२ पासूनचं आहे, तर ज्युबिली लाइनने डॉलिस हिललाच उतरा. मात्र शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात. आदल्या रात्री टीएफएलचं अ‍ॅप बघा, नाहीतर गणपतीची आरती चुकते आणि थेट प्रसादाला पोचता. तसं येणारेही आहेत म्हणा.

आमच्या चिरंजीवांनी ती गाडी अखेर लेस्टरच्या एका मित्राला अकराशेला दिली. दोन महिन्यांत तीनशे पौंड गेले, शिवाय यूलेझ आणि विमा. पेढे मात्र त्याच रविवारी आणले होते, बसने. परवा त्याचा फोन आला, घर बदलतोय. "मामा, फ्लॅट मस्त आहे, स्टॉपपासून चार मिनिटं."

"रात्री अकरानंतर बस किती वेळाने येते?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "गुरुवारी जाऊन उभा राहतो."